मालक रानात गेलेत

गाडी घ्यायची ठरवल्यापासून ती दारात उभी राहीपर्यंत मला एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की झोपेतून उठवलं असतं तरी मी त्याचं उत्तर दिलं असतं. "मॅडम, सर आहेत का?" शोरूमवाला विचारायचा, बँकेतला विचारायचा, फायनान्स कंपनीतून फोन करणारी पोरगीसुद्धा विचारायची. सुरुवातीला मी माणसासारखं उत्तर दिलं, "सर नाहीत, काय बोलायचं ते माझ्याशी बोला." पुढं पुढं "कोणते सर?" असं उलट विचारायला लागले. एकाला तर सांगितलं, सर शाळेत गेलेत, पोरांची परीक्षा आहे. "बरं, मग पाचनंतर करतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि खरोखर पाच वाजता केला.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलेलं नाही. लोहाऱ्यात माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे आणि माकणीत घर. घरात मी आणि आई, दोघीच. ज्यांना लॅबपर्यंत येणं होत नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडं मी स्वतः जाऊन रक्त घेते. सास्तूर, माकणी, आजूबाजूची गावं, हे सगळं मी अकरा वर्षं स्कूटीवर केलं. पायाशी बर्फाचा डबा, डब्यात नळ्या, डोक्यावर ऊन. मग एका सकाळी सास्तूरहून येताना पुढची बैलगाडी अचानक वळली आणि मी डब्यासकट रस्त्याच्या खाली गेले. मनगट मोडलं. त्याचं इतकं दुःख नव्हतं. फुटलेल्या नळ्यांचं होतं, कारण प्लास्टर गळ्यात अडकवून, मदतनीस बाईला बरोबर घेऊन मला त्याच घरांत परत जावं लागलं. एक आजोबा हात पुढं करायला तयार होईनात. "परवाच दिलं की एक डाव. पुरलं न्हाय व्हय?" म्हणाले.

त्या दिवशी ठरवलं, आता चारचाकी. आणि दुसरं ठरवलं ते हे, की ती माझ्या एकटीच्या सहीवर घ्यायची.

या दुसऱ्या ठरावामागं माझा थोरला भाऊ आहे. तो पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे, मनानं वाईट नाही. अकरा वर्षांपूर्वी लॅबचं मशीन आणि स्कूटी घेताना जामीनदार म्हणून त्यानं सही केली. एकही हप्ता त्यानं भरला नाही, भरायची वेळच मी आणली नाही. पण तेव्हापासून दर रविवारी फोनवर तो विचारतो, "काय म्हणते आपली स्कूटी?" आपली! माझं मनगट मोडलं तेव्हाही त्याचा पहिला प्रश्न स्कूटीबद्दल होता, दुसरा मनगटाबद्दल. पाहुण्यारावळ्यांत तो सांगतो, "हिला लॅब टाकून दिली." टाकून दिली म्हणे. एका सहीच्या बदल्यात माणूस जन्मभर किती वसूल करतो, हे मला पुरतं कळलं होतं. गाडीवर त्याची सही येणार नव्हती म्हणजे नव्हती.

आधी मला गाडी लीजवर घ्यायची होती. मोबाइलवर जाहिरात बघितली, नंबर फिरवला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. गाडी कंपनीची, विमा कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची, तुम्ही फक्त महिन्याचं भाडं भरा, चार वर्षांनी गाडी परत. गॅरेजवाल्यांशी हुज्जत घालायला घरात कुणी नसलेल्या बाईला हे ऐकून बरंच वाटणार. मी आईला समजावून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. "म्हंजे मक्त्यानं," ती म्हणाली. "लोक रान मक्त्यानं करत्यात, तू गाडी करायलीस."

सगळं ठरत आलं. मग त्या गोड माणसानं पिनकोड विचारला. मी सांगितला. बराच वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. "मॅडम, हा पिनकोड आमच्या यादीत येत नाही."

"यादीत येत नाही म्हणजे? इथं माणसं राहतात. पोस्टमन येतो. आमच्या माकणीच्या धरणाचं पाणी तर पार लांब लांब जातं."

"तसं नाही मॅडम, सिस्टीम घेत नाही. पुण्यात तुमचं कुणी आहे का? त्यांच्या नावावर आणि पत्त्यावर लगेच करून देतो."

पुण्यात माझं कोण आहे ते वर सांगितलंच आहे. मी फोन ठेवला. नुसता ठेवला नाही, आपटला.

मग कर्जाच्या मागं लागले. बँकेतल्या साहेबांनी माझे तीन वर्षांचे कागद चाळले, हप्ते वेळेवर गेलेत म्हणून कौतुक केलं आणि म्हणाले, "मागच्या वेळी तुमचे बंधू होते ना, त्यांनाच घ्या पुन्हा. फॉर्मॅलिटी असते." मी म्हटलं, मागचं सगळं कर्ज मी फेडलंय, बंधूंनी नाही. ते म्हणाले, "तेच तर. त्यांची सही होती म्हणून व्यवस्थित फिटलं."

त्यानंतर सोलापूरला शोरूममध्ये गेले. तिथं तीन फायनान्स कंपन्यांची टेबलं शेजारी शेजारी होती, जत्रेतल्या दुकानांसारखी. कुणाचं व्याज कमी तर प्रोसेसिंग फी दुप्पट. कुणी फी घेत नव्हतं, पण विमा त्यांच्याकडूनच घ्या म्हणत होतं. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे विचारलं की तिघंही आतल्या खोलीत कुणाला तरी विचारून यायचे आणि बाहेर येईपर्यंत प्रश्न विसरलेले असायचे. मी वही काढून लिहून घेत होते. एकानं सगळी माहिती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाकडं बघून सांगितली. ते गृहस्थ स्वतःच्या गाडीची सर्व्हिसिंग करायला आले होते. बिचारे मान डोलावत राहिले.

वहीवरून मी पहिली कंपनी निवडली आणि अर्ज केला. लग्न नाही, वडील हयात नाहीत, घरात आई, शेती नाही, धंदा लॅबचा. सगळं खरं लिहिलं, लपवायला होतंच काय? आठ दिवसांत त्यांचा माणूस घर बघून गेला, मी लॅबमध्ये असताना. आणखी चार दिवसांनी मेसेज आला, अर्ज नामंजूर. कारण विचारलं तर "व्हेरिफिकेशन निगेटिव्ह" एवढंच. निगेटिव्ह हा शब्द मी रोज लोकांना चांगली बातमी म्हणून सांगते. आपल्याला कुणी सांगितल्यावर कसा लागतो ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या कंपनीत अर्ज केला. पुन्हा तेच. माणूस आला, गेला, निगेटिव्ह. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी आईला विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"आलता एकजण. पाठीला पिशवी होती. गेला."

"काय विचारलं?"

"काय न्हाय. असंच." आणि ती भाकरी थापायला लागली. भाकरी थापताना आईला प्रश्न विचारून उपयोग नसतो.

मी लॅब बंद केली, एसटीनं सोलापूर गाठलं आणि त्या दुसऱ्या कंपनीच्या टेबलासमोर जाऊन बसले. म्हटलं, मला लेखी दाखवा. टेबलामागचा माणूस आधी नाही म्हणाला, मग कंटाळला, मग त्यानं कॉम्प्युटरचा पडदाच माझ्याकडं फिरवला. त्यांच्या माणसानं घरून परत जाऊन जे लिहिलं होतं, ते असं होतं: अर्जदाराने स्वतःस अविवाहित व शेती निरंक दाखविले आहे. प्रत्यक्षात मालक शेतात गेल्याचे घरातील वृद्ध महिलेने सांगितले. दारात पुरुषाच्या चपला आढळल्या. समोरील शेजारी महिलेने दुजोरा दिला. अर्जदार माहिती लपवत असल्याचा संशय.

मी ते दोनदा वाचलं. टेबलामागच्या माणसानं हळूच विचारलं, "मॅडम, सरांचं काही... म्हणजे सरांवर दुसरं कर्ज वगैरे आहे का?"

एसटीत खिडकीशी बसून नळदुर्ग येईपर्यंत मी दात-ओठ खात होते. कारण मला सगळं माहीत होतं. शाळेत होते तेव्हापासून माहीत होतं, फक्त गाडीशी त्याचा संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं. माझे वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते. मी दहावीत असताना ते गेले, आणि त्याच वर्षी भाऊ कामासाठी पुण्याला गेला. तेव्हापासून आमच्या दारात, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, वडिलांच्या जाड चामड्याच्या चपला असतात. दर दिवाळीला आई त्यांना करडईचं तेल लावते. आणि दारात अनोळखी पुरुष आला, मग तो मीटरवाला असो की भांडीवाला, ती दार अर्धं लोटून एकच सांगते, "मालक रानात गेलेत, येतेलच आता." घरात तुळस असते, दाराला तोरण असतं, तसं हे आमच्या घरात होतं. मी कधी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं.

तीस वर्षं मालक रानात होते. आणि आम्हाला रान नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या मी चपलेसकट आत गेले. "आई, तू त्या फायनान्सवाल्याला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? जे सगळ्याला सांगते तेच."

"अगं, मी अर्जावर लिहिलंय बाबा नाहीत म्हणून! आणि तू सांगतीस मालक रानात गेलेत! त्यांना वाटतंय मी नवरा लपवून ठेवलाय!"

आईनं क्षणभर विचार केला. "मग लिहायचं की, हाय म्हणून."

मी कपाळावर हात मारला. मग तिला कर्ज, अर्ज, चौकशी सगळं पहिल्यापासून समजावलं. पुन्हा कुणी आलं तर खरं सांग म्हटलं. घरात पुरुष नाही, कमावती मुलगी आहे, बास. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "वळख ना पाळख, त्या माणसाला म्या सांगू, ह्या घरात दोन बायाच हायत? तुजं डोकं ठिकाण्यावर हाय का?"

"त्याला काय करायचंय ते ऐकून? तो कागद भरतो आणि जातो."

"सगळेच जायला येत न्हायत," आई म्हणाली.

मग तिनं मला जे सांगितलं ते तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वडील गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एक कापडवाला दारावर आला होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, घरात कोण कोण असतं? आईनं सरळ सांगितलं. मालक वारले, पोरगा पुण्याला, मी आणि पोरगी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्याकडं कापडाचं गाठोडंसुद्धा नव्हतं. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, उठेना. मी शाळेत होते, यायची वेळ झाली होती. समोरच्या घरातल्या चाचींनी ते बघितलं. त्या गोधड्या शिवायच्या. हातातली कात्री तशीच घेऊन त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि मोठ्यानं आईला म्हणाल्या, "भाभी, भाईजान रानातून आले का न्हाय अजून?" आई म्हणाली, "येतेलच आता." तो माणूस उठला आणि गेला. तो गावात नवा होता, आईनं आधी सांगितलेलं खरं की हे, ते त्याला कसं कळणार? त्याच संध्याकाळी आईनं पेटीत ठेवलेल्या वडिलांच्या चपला काढून दारात ठेवल्या.

"तुज्यासाठी ठिवल्या व्हत्या," आई म्हणाली. "मला काय हुणार हाय? तू दहावीला व्हतीस."

मला रडू आलं आणि राग गेला नाही, अशी ती संध्याकाळ होती. राग कुणावर काढायचा तेवढं कळेना. आईवर काढता येत नव्हता. चाचींवर तर मुळीच नाही. त्या कापडवाल्याचं तोंडही मी बघितलेलं नव्हतं. शेवटी मी तो फायनान्स कंपन्यांवर काढला. त्यांच्यावर काढायला निमित्त लागत नाही.

तिसऱ्या कंपनीकडं मी गेलेच नाही. चौथी निवडली ती लोहाऱ्यातच, खताच्या दुकानाच्या वर, एका खोलीतली. नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. व्याज माझ्या वहीतल्या सगळ्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त. शहाण्या माणसानं निवडावी अशी ती कंपनी नव्हती. पण टेबलामागच्या पोरीनं माझे कागद बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी तुम्हीच चालवणार ना, मॅडम? मग सीटची उंची बघून घ्या, काही गाड्यांत समोरचं दिसत नाही." बास. सर आहेत का, भाऊ आहेत का, काही नाही. त्या एका प्रश्नासाठी मी पाच वर्षं अर्धा टक्का जास्त भरणार आहे. हप्त्याच्या तारखेला मला अजून त्याचा राग येतो.

आता उरली चौकशी. माणूस कोणत्या दिवशी येणार ते सांगत नाहीत. मी दोन दिवस लॅब बंद ठेवून घरी बसले. कुणी आलं नाही. पेशंटचे फोन घेऊन घेऊन कान दुखले. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बसलेले चार शुगरवाले लॅबच्या दारात ताटकळतायत म्हटल्यावर मला जावंच लागलं. निघताना आईला पुन्हा सांगितलं. तिनं "व्हय व्हय" म्हटलं, पण चेहरा काही खरा वाटला नाही. साडेअकराला घराशेजारच्या किराणावाल्याचा फोन आला, "ताई, एक पिशवीवाला तुमचं घर विचारत आलाय, मी चहाला बसवलाय." एका शुगरवाल्याला जेवून दोन तासांनी यायला सांगून मी स्कूटी काढली.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा तो दारात उभाच होता. पन्नाशीचा, घामाघूम, हातात मोबाइल आणि कागद. मी स्कूटी बंद केली आणि का कुणास ठाऊक, पुढं गेले नाही. आईनं नेहमीसारखं दार अर्धं लोटलं होतं.

"मावशी, घरात कर्ता पुरुष कोण?" त्यानं विचारलं.

त्याला पुन्हा विचारावं लागलं. मला तिथून तिचा दारावरचा हात तेवढा दिसत होता. कडी घट्ट धरली होती.

"पुरुष न्हाय," आई म्हणाली. "वारले. तीस वर्सं झाली."

अनोळखी माणसासमोर आईला "वारले" म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. आणि नेमक्या त्या क्षणी समोरच्या घरातून चाचींचा खणखणीत आवाज आला. आता त्या पंचाहत्तरीच्या आहेत, पण आवाज तोच. "हौ, भाईजान रानात गेलेत! आत्ता येतेत!"

त्या माणसानं मान वळवून चाचींकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, मग कागदाकडं. त्यानं लिहायला पेन टेकवलं आणि मला माझी गाडी डोळ्यांदेखत चाललेली दिसली.

"चाची, आज नगं!" आई एवढ्या मोठ्यानं ओरडली की बोळातली कोंबडी उडाली. "आज खरं सांगायचंय!"

"खरं? बरं बरं," चाची म्हणाल्या, आणि खिडकीतून तो नवा नियम पटलेला नसल्यासारख्या बघत राहिल्या.

आईनं दार पुरतं उघडलं. "हे बगा, घरात दोगीच राहतो. म्या आणि माजी लेक. घर लेकीवर चालतंय. म्या त्या आदीच्या लोकास्नी खोटं सांगितलं, ती माजी चूक, तिची न्हाय."

माणसानं कपाळ पुसलं. मग त्याला चपला दिसल्या. "मग या कुणाच्या?"

"मालकाच्या."

"वारले म्हणलात ना?"

"ते वारले. चपला न्हाय वारल्या," आई म्हणाली.

तो हसला नाही. चपलांकडं जरा वेळ बघत राहिला, दाराचा एक फोटो काढला, आईनं दिलेलं पाणी प्यायला आणि माझ्या अंगावरून निघून गेला. मी अर्जदार आहे हे त्याला कळलंसुद्धा नाही. चार दिवसांनी कर्ज मंजूर झालं. मी जाऊन सह्या केल्या. इतक्या ठिकाणी केल्या की बोटं दुखली आणि एकाही कागदावर दुसऱ्या कुणाची नव्हती. रविवारी भावाचा फोन आला. "माझी सही कधी हवीय?" मी म्हटलं, नकोय. त्यानं गाडीचा रंग विचारला. मग म्हणाला, "जपून चालव." हे मात्र त्यानं चांगलं म्हटलं.

गाडी आली. पांढरी, छोटी. आईनं कुंकू लावलं, चाचींनी बोनेटवर हात फिरवला, चाकाखाली लिंबं चिरडली. संध्याकाळी दारात बघते तर उंबऱ्याची उजवी बाजू मोकळी. तिथं चपलांच्या आकाराचे दोन फिकट डाग तेवढे होते. मी आईला काही विचारलं नाही. मनात म्हटलं, संपलं एकदाचं.

चपला सापडल्या दोन दिवसांनी. नमुने सोलापूरला पोचवून परत येताना नळदुर्गच्या अलीकडं एका ढाब्यापाशी पाणी प्यायला गाडी थांबवली. बाटली शेजारच्या सीटखाली गेली होती म्हणून वाकले, तर खाली चपला. नीट जोडीनं, तोंड पुढच्या दिशेला, जणू वर कुणीतरी बसलंय. करडईच्या तेलाचा वास येत होता. दिवाळी अजून लांब होती. मी तिथंच फोन लावला. "आई, हे काय?"

"राहू दे," ती म्हणाली. "घराला आता काय भ्याव? सगळं खरं सांगून झालंय. तू एकली जातीस त्या ट्रकवाल्यांच्या रस्त्यानं."

मी तिला खूप बोलले. इतके महिने कशासाठी भांडतेय मी? कुणाची सही नको, कुणाचं नाव नको, आणि तू मेलेल्या माणसाच्या चपला ठेवतीस गाडीत? ती ऐकून घेत होती. मी फोन ठेवला, चपला उचलून मागं टाकायच्या म्हणून हात पुढं केला, आणि काचेवर टकटक झाली.

ट्रकवाला होता. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. पलीकडं त्याचा ट्रक उभा, त्यात आणखी एक जण. दुपारची वेळ, रस्त्यावर सामसूम. तो काचेपाशी वाकला. "मॅडम, एकल्याच का?"

मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. मालक मागं झोपलेत. उठवू का?"

त्याची नजर मागच्या काचेकडं गेली, तिथं ऊन पडलं होतं, काही दिसलं नसणार. मग पुढं खाली, चपलांवर गेली. तो एक पाऊल मागं सरकला. "न्हाय न्हाय, झोपू द्या की. तुमची डिकी उघडी राह्यलीया, म्हणून आलो. वर-खाली हुत व्हती मघापासून." आणि जाता जाता त्यानंच माझी डिकी दाबून बंद केली.

बराच वेळ मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. लाज वाटत होती. भला माणूस होता, आणि मी त्याला खोटं सांगितलं होतं. पण भला आहे हे मला डिकीचं ऐकल्यावर कळलं. विचारलं त्यानं त्याआधी. आईलाही तीस वर्षं सगळे तसंच विचारत होते, भले की बुरे ते कळायच्या आधी. मी चपलांकडं बघितलं आणि मागं टाकल्या नाहीत. गाडी सुरू केली.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. माझा राग गेलाय का ते तिनं तोंडाकडं बघून चाचपलं. "कशी चालती गाडी?"

"चांगली," मी म्हटलं. "मालक मागं झोपले होते."

आई हसली नाही. काय झालं, कोण भेटलं, काही विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं.